खुणेखाली खूण

ताईनं दुकानातल्या टेबलावर एक भिंतीवरचं घड्याळ उघडलं. तबकडीच्या मागे तिच्या धाकट्या भावाची खूण होती. दुरुस्ती झाली की घड्याळजी आत सुईनं तारीख कोरून ठेवतात. हा पठ्ठ्या तर गिऱ्हाइकाचं नाव-गावही कोरायचा. नाव होतं परगावच्या मास्तरांचं आणि तारीख होती धाकट्यावर आळ आलेल्या खुनाची! त्या दिवशी मी मास्तरांच्या घरी घड्याळ दुरुस्त करत होतो, असं धाकटा कोर्टात जीव तोडून सांगत होता. पण खटला उभा राहीपर्यंत मास्तर वारले होते, घड्याळ भंगारात गेलं होतं. त्याला जन्मठेप लागून सहा वर्षं झाली.

आता तेच घड्याळ एका दाताच्या डॉक्टरनं दुरुस्तीला टाकलं होतं. ताई बाबांना हाक मारणार, तोच तिला खालची दुसरी खूण दिसली. बाबांची, निकालाच्या महिनाभर आधीची. म्हणजे पुरावा तेव्हा याच टेबलावर येऊन गेला होता! पॉलिश कागदाचा तुकडा तिनं उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. बाबांची खूण घासायला कितीसा वेळ? तिची तिलाच लाज वाटली.

वकीलबाईंनी दोन्ही खुणा भिंगातून पाहिल्या आणि त्यांचा चेहरा पडला. नवा खटला हवा तर पुरावा नवा लागतो, त्या म्हणाल्या. तेव्हा तुमच्या हातात असलेला नवा कसा? बाबांनी तो वाचला होता का, एवढंच कोर्ट विचारेल.

ताईनं शेजारी बसलेल्या बाबांकडे पाहिलं.

"नाही वाचला. मला दिसतच नव्हतं," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गिऱ्हाइकं तुटतील म्हणून हिलासुद्धा बोललो नाही. बोटांच्या अंदाजानं काम करायचो, खूणही तशीच कोरायचो. ऑपरेशन निकालानंतर झालं, दवाखान्यात कागद असतील."

वकीलबाईंचं पेन थांबलं. "काका, खटल्यात तुम्ही शपथेवर सांगितलंत, त्या सकाळी धाकट्याला परगावच्या बसमध्ये चढताना डोळ्यांनी पाहिलं."

ताईनं बाबांचा दंड घट्ट धरला. तिला त्यांना बोलू द्यायचं नव्हतं आणि गप्पही बसू द्यायचं नव्हतं.

"नव्हतं पाहिलं. जातो म्हणाला, तेवढं ऐकलं होतं."

"मग खोट्या साक्षीबद्दल तुमच्यावरच खटला होईल."

"होऊ दे," बाबा म्हणाले. "तेवढं लिहून घ्या आणि सही कुठं करायची ते दाखवा."