ढेकळाची हाक

पैज लागली गिरीज गावातल्या केळीच्या वाडीत, विहिरीपाशी.

"तो हवालदार स्वतःच्या तोंडाने सॉरी बोलला, तर मी भर बाजारात डोक्यावर केळफूल बांधून नाचेन," मंदावहिनी म्हणाल्या.

"नाही बोलला तर मी नाचतो!" शेजारच्या रामचंद्रने टाळी दिली. पन्नाशी आली तरी माणसाच्या अंगातली खोडी काही गेली नव्हती.

मंदावहिनींचा दीर विघ्नेश जन्मापासून ठार बहिरा. गेल्या आठवड्यात वसईच्या बाजारात हवालदार मागून ओरडला, "ए, गाडी हटव!" विघ्नेश आपला केळी रचतोय. साहेबांना वाटलं, माज आलाय. सणकन पाठीत दांडकं. तेव्हापासून गडी वाडीचं फाटक ओलांडत नव्हता. केळीचे पिकलेले लोंगर जागच्या जागी काळे पडत होते.

रविवारी रामचंद्रने त्याला खुणा करकरून, निम्मा पटवून निम्मा ओढून, केळीच्या गाडीसकट बाजारात आणलं. मागोमाग मंदावहिनीही आल्या. बाजारातून वरात चालली होती. आग्नेलचा बँड असा वाजत होता की कानातला मळ बाहेर यावा. बँडच्या पुढ्यातच हवालदार रस्ता मोकळा करत उभा.

रामचंद्र त्याच्या पाठीमागे गेला आणि घसा फाडून ओरडला, "साहेब, बाजूला व्हा!"

साहेब ढिम्म.

"ओ साहेब! गाडी यायचीय!"

काही नाही. आता खांद्यावर हात ठेवून विचारायचं, 'दांडकं कुठं मारू?' असा बेत होता. पण सवय वाईट. वाडीत विघ्नेशला बोलवायचं तर पायापुढं ढेकूळ टाकतात. मागून हात लावला की तो दचकतो. रामचंद्रने गाडीच्या चाकाला चिकटलेलं ढेकूळ उपटलं आणि टाकलं. ते नेमकं बुटावर फुटलं.

"पोलिसावर दगडफेक?" रामचंद्रची कॉलर हवालदाराच्या मुठीत आणि दांडकं वर. बँड बंद.

तेवढ्यात विघ्नेश मध्ये घुसला. दांडकं पाहूनही हटला नाही. शर्ट वर करून त्याने पाठ दाखवली. वळ अजून काळानिळा होता.

"दोनदा हाक मारली साहेब, बँडमध्ये तुम्हाला ऐकू गेली नाही," रामचंद्र लोंबकळत म्हणाला. "आमच्याकडे ऐकू न येणाऱ्याला असंच बोलावतात. दांडकं नाही मारत."

हवालदाराने त्या पाठीकडे पाहिलं, मग बुटावरच्या मातीकडे. कॉलर सुटली. दांडकं काखेत गेलं. विघ्नेशसमोर येऊन त्याने आपला कान धरला.

विघ्नेशने त्याला बराच वेळ तसंच उभं ठेवलं. मग शर्ट खाली केला आणि केळ्यांवरचं गोणपाट काढलं.

"जिंकलो!" रामचंद्र ओरडला.

"कसले जिंकता भावजी? कान धरला, तोंड उघडलं का त्याने?" मंदावहिनींनी पिशवीतून केळफूल काढलं. बाई तयारीनेच आली होती.

आग्नेलने ताशेवाल्याला डोळा घातला. डोक्यावर जांभळं केळफूल बांधून रामचंद्र असा नाचला की नवरदेवाकडे कोणी बघेना. विघ्नेश गिऱ्हाइकाला केळी देता देता पोट धरून हसत होता.

मागून भाजीचा टेम्पो हॉर्न देत होता. रामचंद्र आपल्याच तालात.

टप्प! त्याच्या पायापुढं ढेकूळ पडलं.

त्याने वळून पाहिलं. हवालदार हात झटकत होता.