चटक

"बसला पाहा बेवडा आपल्या गुत्त्यात," तानबा म्हणाला, आणि इंदिरामॅडम हसल्या.

पेटीतला पांढरा उंदीर काळ्या खोलीत जाऊन बसला होता, तो हलेना. वर्ध्याच्या एका कॉलेजात तानबा अशा उंदरांचं दाणापाणी पाही. कोणतं औषध दुखणं जास्त थांबवतं आणि कोणतं चटक जास्त लावतं, हे मॅडम त्यांच्यावर ताडून पाहत. पेटीला दोन खोल्या, एक पांढरी, एक काळी. मॉर्फिनची सुई नेहमी काळ्या खोलीत. पुढे सुई न देता मधलं दार उघडलं, तरी उंदीर तिथंच जाऊन वाट पाहत बसे.

हे पाहून तानबानं धास्ती घेतली होती. तेच औषध बोरगाव मेघेला त्याच्या घरी फळीवर होतं. आनंदाबाईंच्या, त्याच्या मायच्या, हाडांत कॅन्सर उतरला होता. एकदा तिनं वेळेआधीच औषध मागितलं, तेव्हा तो बोलून गेला होता, "चटक लागली का वं माय तुले?" त्यानंतर तिनं कधी मागितलं नाही. ती पदर दातांत धरून पडून राही. आणि तानबा बाटलीतलं निम्मं औषध ओतून टाकून वर पाणी भरी. म्हातारपणी माय नशेला लागू नये, एवढंच त्याच्या मनात.

आज मॅडमनी पाय मुद्दाम सुजवलेले उंदीर पेटीत सोडले. ते काळ्या खोलीत गेले, हुंगून परत पांढरीत आले, दाणे खात बसले.

"हे काऊन नाई बसत तिथं? यायलेबी सुई तेच देली ना?"

"त्यांना दुखतंय, तानबा. औषध दुखण्यातच खर्ची पडतं. चटक लागायला फारसं उरत नाही. या उंदरांत तरी तसंच दिसतंय."

तानबाच्या हातातलं दाण्याचं भांडं हातातच राहिलं. मान वर करून मॅडमकडे पाहणं त्याला जमेना.

घरी येऊन त्यानं पाणी घातलेली बाटली मोरीत रिकामी केली, नवी फोडली आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढं औषध मायच्या तोंडात घातलं. तिनं तोंड वाकडं केलं.

"आज कडू लागून राह्यलं," ती म्हणाली. "इतले दिवस पान्यावानी लागे. म्हटलं, औषध संपत आलं असन, पोरगं पुरवून राह्यलं. म्हून नाई इचारलं."

आणि तिनं पदर पुन्हा दातांत धरला. थोड्या वेळानं तिचा डोळा लागला आणि दातांतून पदर सुटला. तो नीट करायला त्यानं उचलला. काठ चावून चावून दोरे निघाले होते. एकेक दोरा तो बोटानं आत दुमडत बसला.