बोटीवरची लाल रेघ

"थुंकला! परत थुंकला मेला!"

आतल्या खोलीतून नवऱ्याची आरोळी आली आणि बायकोने शिलाई मशीन थांबवलं. घरात रंग फवारायच्या एअरब्रशशिवाय दुसरं कुणी थुंकत नसे. कापसाचा बोळा घेऊन ती धावली.

टेबलावर हातभर लांबीची बोट उभी होती. गडद हिरवं अंग, वर सायीच्या रंगाचा डेक, आणि डेकच्या अगदी मधोमध लाल शिंतोडा. तिने तो अलगद टिपून घेतला, पुन्हा नवा बोळा घेऊन पुसला. डाग निघाला तसा दोघांनी एकदम श्वास सोडला.

"उद्या प्रदर्शन आणि आज याची ही थेरं!" तो हातातल्या एअरब्रशकडे डोळे वटारून म्हणाला.

तो इस्पितळात एक्स-रे काढायचा. ओळखीपाळखीचे त्याला एक्स-रेवालेच म्हणायचे. सुट्टीचा वार आणि कामावरून आल्यावरचा वेळ मात्र छोट्या बोटी बनवण्याचा. अशा छंदवाल्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनात चौदा वर्षं त्याचं टेबल स्वच्छतागृहाच्या वाटेवर असायचं. लोक बोटीकडे बघायचे, पण घाईत. यंदा पहिल्यांदाच दारासमोरचं, मधलं टेबल मिळालं होतं. पत्र आल्यापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते. आता बोटीला फक्त एक बारीक लाल रेघ मारायची राहिली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या अंगाभोवती.

"किती वर्षं ओढणार आहात त्याला? नवा घ्या की," बायको म्हणाली.

"अगं, हा हातात बसलाय. याची आतली सुई बदलली की पळेल घोड्यासारखा."

"मागच्या वर्षीही सुईच बदलली होती."

एकोणीस वर्षं वापरून एअरब्रशवर बोटाच्या जागी चकाकी उडाली होती, आतलं पितळ दिसत होतं. त्याने तो रुमालात गुंडाळला. "चल, रंगांच्या दुकानवाल्या ताईंनाच विचारू. त्या म्हणतील तसं."

दुकानवाल्या ताईंनी डोळ्याला भिंग लावलं आणि एअरब्रशचा एकेक भाग सुटा करून पांढऱ्या कापडावर मांडला. तो काउंटरवर इतका वाकला होता, की ताईंना उजेड मिळेना.

"जरा मागे व्हा हो. सुईचं टोक वाकलंय. आणि हे बघा, नोझलला चीर गेलीये. थुंकेल नाहीतर काय करेल?"

"म्हणजे संपला?"

"छे! दोन्ही बदलून देते, अजून दहा वर्षं चालेल. पण तोवर हा नवा धरून बघा. नुसतं धरायला काय जातंय?"

नवा हातात आला आणि त्याचा चेहरा उजळला. वजन असं, की हातात काही आहे असंच वाटेना. त्याने कागदावर हलकेच फवारा मारला. धुक्यासारखा लाल रंग उतरला, एका कडेला दाट, दुसऱ्या कडेला नाहीसा.

"अगं बघ, बघ! हा तर श्वास घेतोय!" तो ओरडला. "लोण्यासारखा चालतोय गं!"

मग त्याने रेघ ओढली. वीतभर सरळ गेली आणि पुढे किंचित नागमोडी झाली. त्याने दुसरी ओढली, कोपर काउंटरला टेकवून तिसरी. तोवर ताईंनी जुना जोडून दिला. त्या जुन्यानेही त्याने एक ओढली, तीही तशीच नागमोडी. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून तो बघत राहिला.

तीस वर्षं एक्स-रे काढताना तो लोकांना सांगत आला होता, श्वास धरा, हलू नका. माणूस जरासा हलला तरी चित्रात ते कसं उमटतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं?

"हवेचा दाब कमी करून देऊ का?" ताईंनी विचारलं.

"नको ताई. दोष हवेचा नाही." त्याने उजवा हात समोर धरला, बोटांकडे पाहिलं आणि हात खिशात घातला. "नव्याचाही नाही नि जुन्याचाही नाही."

त्याच्या चहाचा कप बायको हल्ली काठोकाठ भरत नसे. ते का, हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं.

तो तिच्याकडे वळला. "तू ओढ बघू एक."

"मी? मला काय येतंय त्यातलं! उगाच हसं करून घ्यायचं."

"कापड सरकवतेस ना मशीनखाली, तस्साच हात सरकव. टोकाकडे बघू नकोस, पुढे बघ, जिथे जायचंय तिथे."

तिने पदर खोचला, नवा एअरब्रश हातात घेतला, ओठ घट्ट मिटले. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लाल रेघ गेली, ताणून धरलेल्या दोऱ्यासारखी.

"अहो, आली! आली की हो सरळ!"

"आणखी एक!" त्याने अशी जोरात टाळी वाजवली, की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "ताई, बघितलंत? पहिल्याच फटक्यात! आणि मी येडा चौदा वर्षं हिच्याकडून नुसती रंग अडवायची चिकटपट्टी लावून घेत होतो!" तो हसत होता आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. ताईंनी उगाचच भिंग पुसायला घेतलं.

"मग काय ठरलं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. "जुनाच नेताय की नवा?"

"दोन्ही. जुना माझा, रंगाचे मोठे हात द्यायला. आणि नवा हिचा."

"अहो, माझा कशाला?"

"तुझाच. आता माघार नाही. चल लवकर, रेघ राहिलीये."

घरी येताना तो रस्ताभर बोलत होता, पुढच्या बोटीला किती रेघा असतील ते. जेवणं तशीच राहिली. त्याने पोळपाट उलटा करून त्याखाली एक वाटी घातली, म्हणजे तो गोल फिरेल, आणि वर बोट ठेवली. ती खुर्चीवर बसली, दोन्ही कोपरं टेबलाला टेकवून. तो समोर गुडघ्यांवर बसला आणि पोळपाटाची कड त्याने दोन्ही हातांनी धरली.

"फिरवू?"

"सावकाश हं."

त्याने श्वास धरला आणि पोळपाट हळूहळू फिरवायला लागला.