न दिसलेला सातवा मणका

मित्रांनो, मी एक जुनं एक्स-रे मशीन आहे. सध्या दवाखान्याच्या जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत माझा मुक्काम आहे. इथे पडून पडून माझी जीभ कडू झाली आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझे चांगले दिवस काकांच्या हाताखाली गेले. एक्स-रे काढणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सगळा दवाखाना काकाच म्हणायचा. माणसाच्या मानेत सात मणके असतात आणि सातवा खांद्यांमागे दडी मारून बसतो. म्हणून काका पेशंटच्या दोन्ही हातांत वाळूच्या पिशव्या देऊन खांदे खाली उतरवायचे. फिल्म धुऊन आली की पेन्सिलीच्या टोकाने मणके मोजायचे. सहाच भरले तर पुन्हा काढायचे, मग कुणी कितीही कुरकुर करो.

काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी जो आला त्याला सगळे झटपट म्हणत. त्याने त्या पिशव्या दार आपटू नये म्हणून दाराला टेकवून ठेवल्या.

एक दिवस एक रंगारी आला. जन्मभर छतं रंगवून मान धरलेली, महिनाभर बोटांना मुंग्या, आणि खांदे चांगले भरदार. सोबत मुलगी होती. ती म्हणाली, "आईच्या वेळी काकांनी हातात वजनं दिली होती. बाबांना नकोत का?"

"ताई, बाहेर रांग बघा केवढी आहे. मला नका शिकवू," झटपट म्हणाला.

"गप बस गं," रंगारी ओशाळून म्हणाला. "त्यांना कळतं त्यांचं काम."

फिल्मवर सहाच मणके आले. डॉक्टरांनी ती उजेडासमोर धरली, हाडं ठीक आहेत म्हणाले आणि मानेचा पट्टा लिहून दिला. मोजलं कुणीच नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

पुढे मोठ्या दवाखान्यात कळलं, सातवा मणका सरकून आतल्या मज्जारज्जूवर दाब आला होता. ऑपरेशन झालं, पण उशिरा. इथे चौकशी झाली आणि कागदावर लिहिलं गेलं, 'यंत्र जुने, चित्र अपुरे.' झटपट सुटला, डॉक्टर सुटले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली.

त्यानंतर ती दोघं जुनी फिल्म मागायला आली. रंगाऱ्याची बोटं मिटत नव्हती. ब्रश कायमचा सुटला होता. मुलगी त्याच्या शर्टाची बटणं लावत होती.

"हेच ते खराब मशीन," तो म्हणाला.

"नाही बाबा. मीच तेव्हा गप्प बसले."

मित्रांनो, माझी धूळ झटकायला येऊ नका, मला मुळीच हौस नाही. पण दवाखान्यात कुणी भीत भीत काही विचारत असेल, तर त्याला गप्प करू नका. ज्यांनी मोजायचं होतं ते सगळे निवांत आहेत. विचारलं होतं तिने एकटीने, आणि बोलही ती स्वतःलाच लावून गेली.