वाकडा रस्ता

केझिया लम्लीने रस्त्याच्या आखणीची खुंटी दोन्ही हातांनी हलवून सैल केली, उपटली आणि दोरीसकट चार हात पलीकडे नेऊन दगडाने ठोकली. मुकादम आयझॅक ब्रँडल चहाचा डबा हातात धरून बघत राहिला. तीन दिवसांत ही चौथी वेळ होती.

चर्चच्या जुन्या दफनभूमीची आता बाग व्हायची होती. इथं माणसं पुरणं बंद होऊन तीस वर्षं झाली होती, आणि आजूबाजूच्या चामडे कमावणाऱ्यांच्या गल्ल्यांत पोरांना खेळायला गवताचा तुकडा नव्हता. थडग्यांवरचे दगड काढून भिंतीशी ओळीने उभे केले होते. नातेवाइकांनी हरकती नोंदवाव्यात म्हणून फाटकावर महिनाभर नोटीस होती. पण ज्यांच्या माणसावर दगडच नव्हता, त्यांनी हरकत घ्यायची कशावर? केझियाची लेक नेल अशीच बिनदगडाची होती. तीन वर्षांची असताना पटकीच्या साथीत गेली. चर्चच्या तिसऱ्या खिडकीपासून सात पावलं, ही तिची जागा. नवा खडीचा रस्ता नेमका तिथून जाणार होता.

केझिया पाद्रीसाहेबांकडे जाऊन आली होती. त्यांनी जुनी नोंदवही काढली. तिच्यात नाव होतं, तारीख होती, जागा नव्हती. बागेला आपली ना नाही, रस्ता तेवढा बाजूने न्या, असं तिने सांगितलं. बागेच्या समितीला सरळ रस्ता हवा होता. तेव्हापासून ती लोकांचे धुतलेले कपडे पोचवून झाले की इथं यायची आणि बादली पालथी घालून त्या जागेवर बसायची. मजुरांनी पहिल्या दिवशी आजीबाईंची थट्टा केली. दुसऱ्या दिवशी तिच्या भोवतीने खणायला लागले.

"किती दिवस बसणार, बाई?" आयझॅकने विचारलं.

"तुझा रस्ता वळेपर्यंत."

त्याने तिने ठोकलेली खुंटी पाहिली, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि दोरी त्या खुंटीवरूनच ताणायला सांगितली. समितीचा तपासनीस बुधवारी येणार होता. त्याला काय सांगायचं ते तेव्हा बघू, असं आयझॅकने ठरवलं.

सोमवारी सकाळी, ती यायच्या आत, मोकळ्या राहिलेल्या जागेत फुलांचा वाफा करायला तो स्वतः उतरला. दोन फावडी खोल गेल्यावर पिवळी चिकणमाती लागली. त्याने आणखी खणलं. तीच माती, घट्ट, थरावर थर. आयुष्यभर त्याने दफनभूमीच उकरल्या होत्या. एकदा माणूस ठेवला की माती काळी-पिवळी मिसळते, पुन्हा कधी तशी बसत नाही. इथं कुणी कधी फावडंच घातलं नव्हतं.

केझिया आली तेव्हा तो खड्ड्याच्या काठावर बसला होता. त्याने मातीचं एक ढेकूळ तिच्यापुढे धरलं.

"बाई, इथं कुणी नाही."

तिने ढेकूळ हातात घेतलं, अंगठ्याने दाबून पाहिलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

मग उभ्या उभ्याच तिने सांगितलं. नेल गेली तेव्हा तीही त्याच दुखण्याने अंथरुणात होती. प्रेतांच्या गाडीमागून तिचा नवरा एमॉस एकटाच आला होता. तीन आठवड्यांनी ती पायांवर उभी राहिली आणि त्याला घेऊन इथं आली. तोवर सगळं आवार उकरलेलं होतं, जिकडे तिकडे ताजे ढिगारे. कुठं, असं तिने विचारलं. त्याने बराच वेळ इकडे तिकडे पाहिलं आणि मग बोट दाखवलं. इथं, एवढ्या एकाच हिरव्या तुकड्यावर.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? मरेपर्यंत सत्तावीस वर्षं दर रविवारी तो माझ्याबरोबर इथं टोपी काढून उभा राहायचा."

आयझॅकने फावड्याची माती पायाने पुसली.

"मग रस्ता सरळ करू?"

"नाही," केझिया म्हणाली. "आहे तसाच ठेव."

तिने ढेकूळ खड्ड्यात टाकलं. आयझॅक उठला आणि माती लोटायला लागला. त्या दिवशी इतर मजुरांना त्याने वाफ्याजवळ येऊ दिलं नाही.

बुधवारी तपासनीस आला. आराखडा उघडून रस्त्यावरून चालत गेला, वळणापाशी थांबला, पुन्हा आराखडा पाहिला. इथं काय अडचण आली, असं त्याने विचारलं.

"थडगं आहे, साहेब," आयझॅक म्हणाला.

"कुणाचं?"

"लम्लींचं. मी स्वतः पाहिलंय."

तपासनिसाने पेन्सिल काढली आणि कागदावरचा रस्ता तेवढ्यापुरता वाकवला.