जिलियनने कापलेलं कुंपण

शवपेटीची गाडी अकरा वाजता दारात येणार होती. दहालाच काळा कोट चढवून जिलियन बाहेर आली ती कुंपण बघायला. वडील हॉस्पिटलातच वारले, तेव्हापासून तिची नुसती धावपळ चालली होती. या घरात ती वर्षभराने पाऊल टाकत होती. कुंपणाची प्रिव्हेटची झुडपं फूटपाथवर वाढली असतील, आज साऱ्या गल्लीसमोर शोभा होईल, ही धास्ती तिला लीड्सहून निघाल्यापासून होती.

पण कुंपण कापलेलं होतं. छातीइतकं, दाट, जेमतेम इंचभर नवी पालवी. फक्त वरची रेघ फाटकाकडे उतरत गेलेली. रेघ सरळ यावी म्हणून दोन काठ्यांना सुतळी ताणल्याशिवाय तिचे वडील, वॉल्टर, कधी कात्री उघडत नसत. मे ते सप्टेंबर, दर एका रविवाराआड त्यांची कापणी असायची.

"आपलंच काम बघत उभी राहिलीस होय?" शेजारच्या एनिड मावशी पलीकडून म्हणाल्या. हातात सँडविचचं झाकलेलं ताट. "वाकडं झालंय हं, पोरी. वॉल्टर म्हणायचा, जिलियन डावरी आहे ना, हात तिकडेच उतरतो. पण येते बिचारी, रविवारी पहिल्या गाडीने, आणि तुम्ही डोळे उघडायच्या आत कापून जाते."

जिलियन डावरी होती, एवढंच त्यातलं खरं होतं.

"पुढच्या रविवारी नक्की येते, बाबा. तुम्ही कात्रीला हात लावायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलंय ना," असं ती दर फोनवर बजावायची. "सवडीने ये गं," ते म्हणायचे. फोन ठेवताना तिला हायसं वाटायचं.

तिने पुन्हा त्या रेघेकडे पाहिलं. फाटकापाशी येईतो बाबांचे हात भरून आले असणार.

"हो ना," ती म्हणाली. "वाकडंच झालं."

"होऊ दे. माझ्या पोरीपेक्षा, त्या ग्लेनिसपेक्षा बरी तू. दोन गल्ल्यांवर राहते, पण आमच्या कुंपणाला हात लावेल तर शपथ! ईस्टरला मी सुनावलंच, ती वॉल्टरची पोर लीड्सहून येते, आणि तू? रडत निघून गेली. तेव्हापासून फोन नाही तिचा. आज येईल म्हणा, वॉल्टरसाठी."

जिलियनचे कान तापले. आता गप्प राहणं सोपं होतं. आजच्या दिवशी कोण खोदून विचारणार होतं?

"मावशी, मी नाही कापलं. मी एकदाही आले नाही."

"मग कुणी?"

"बाबांनी."

मावशींनी ताट मधल्या बुटक्या भिंतीवर टेकवलं. "तसलं दुखणाईत काळीज घेऊन? आणि मी त्याला म्हणत होते, पोरीला ती सुतळी तरी लावून दे रे. नुसता हसायचा." त्यांनी रुमाल काढला, पण नाकाला लावला नाही. "ग्लेनिसला आता काय तोंड दाखवू मी?"

"मी सांगते तिला."

"नंतर सांग. आज कशाला?"

गल्लीच्या टोकाला निळा स्कार्फ बांधलेली ग्लेनिस येताना दिसली. आईच्या दाराकडे न बघता ती पलीकडच्या फूटपाथने चालत होती. जिलियनने फाटक उघडलं आणि रस्ता ओलांडला. बोलायला सुरुवात कशी करायची, ते तिला अजून सुचलं नव्हतं.