सुलतानच्या घराण्याची चौकशी

मी हजेरी बोलतेय. खजुरीच्या शाळेमागची कुत्री. रंग मातकट, एक कान ताठ, दुसरा अर्ध्यातून दुमडलेला. गुरुजी हजेरी घ्यायला लागले की मी व्हरांड्यात येऊन बसायचे, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. एका खिडकीतून मराठी, दुसरीतून कन्नड, असं चौथीपर्यंतचं सगळं माझ्या कानावरून गेलंय. पाचवीचा वर्ग माडीवर भरतो आणि शिपाई मला जिना चढू देत नाही, त्यामुळं माझं शिक्षण तिथंच थांबलं.

तेवढ्या शिक्षणावर मी माणसं ओळखते. दुसऱ्याच्या घरात डोकावायची मला खोड आहे, हे आधीच कबूल करते. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, कुणाची सून माहेरी कामून बसलीय, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं मला दारावरून जाता जाता कळतं. आणि इतकी वर्षं हुंगून सांगते, दोन पायांवर चालणाऱ्या जातीइतकी पोकळ जात मी दुसरी पाहिली नाही. एक-दोन माणसं सोडून. ती पुढं येतीलच.

दोन सालांमागं तुरीची रास झाल्यावर धनगरांचा कळप गावच्या रानात बसायला आला. कळपाबरोबर एक उंच कुत्रा होता. तोंड निमुळतं, कंबर मुठीत मावेल एवढी, पळायला लागला की पाय दिसायचे नाहीत. त्यानं मला माझं घराणं विचारलं नाही, मी त्याला त्याचं विचारलं नाही. आठ दिवसांनी कळप पुढच्या गावाला गेला, तोही गेला. शिमग्याला शाळेमागच्या मोडक्या बाकांखाली मला पाच पिल्लं झाली.

दोन जगली नाहीत. दोन लोकांनी नेली. उरलं ते एक, लांब तंगड्यांचं, बापाच्या तोंडाचं. कान मात्र माझा, उजवा, दुमडलेला.

गावात प्रेमानंद नावाचा एक गडी आहे. काम म्हणून काही करत नाही, पण बाजार एकही चुकवत नाही. त्यानं माझं पिल्लू उचललं, शांपूनं धुतलं, अंगाला पावडर फासली, गळ्यात लाल फीत बांधली आणि आळंदच्या बाजाराला घेऊन गेला. मी वेशीपर्यंत फटफटीमागं धावले. तोंडात धूळ तेवढी आली.

दिवेलागणीच्या आत पिल्लू गावात परत आलं. जीपमधून, श्रीपतरावांच्या मांडीवर बसून.

श्रीपतराव म्हणजे तुरीचे व्यापारी. शाळेच्या भिंतीला लागून त्यांचं घर, पुढं लोखंडी गेट. प्रेमानंदानं त्यांना बाजारात गाठून सांगितलं होतं, "असली मुधोळ हाय, अण्णा, शिकारी जातीचं. हैदराबादहून मागवलंय. आई नवाबाच्या बंगल्यात असती. बेगम नाव तिचं."

बेगम! गटारीच्या कडेला लोळणारी मी! त्या दिवशीही मला हसू आलं. माझं लेकरू सकाळी भिंतीच्या ह्या बाजूनं गेलं आणि संध्याकाळी त्या बाजूला आलं. भिंत तीच. मधल्या एका दिवसात ते सुलतान झालं आणि मी बेगम.

पिल्लाला ह्यातलं काय ठाऊक? दुसऱ्या दिवशी दुपारी ते मोरीच्या भोकातून सरपटत माझ्याकडं आलं आणि प्यायला लागलं. हे पाहिलं एकाच माणसानं, श्रीपतरावांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी. भांडी घासता घासता त्या थांबल्या. माझ्याकडं पाहिलं, पिल्लाकडं पाहिलं. मग मोरीच्या तोंडाशी अडकलेली वीट बाजूला केली, म्हणजे त्याचं अंग खरचटू नये, आणि परत भांड्यांना लागल्या. नवऱ्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. वर बाकीच्या माणसांविषयी जे बोलले, त्यातून ही बाई वगळा.

श्रीपतराव मात्र मला गेटजवळ बघितलं की धोंडा उचलायचे. "हाड! ह्या गावठीला सुलतानच्या जवळ फिरकू देऊ नका, रोग लागतील." ज्या अंगावर ते पोसलं त्या अंगाचा रोग लागणार होता त्याला.

दिवाळीपर्यंत सुलतान गेटवरून मान बाहेर काढण्याइतका उंच झाला. दिवाळीत श्रीपतराव उमरग्याला व्याह्यांकडं गेले. त्यांची मुलगी अंजू तिथं दिलीय. व्याही शिवशंकरराव. त्यांच्या बैठकीत त्यांच्या कुत्र्याचा कागद काचेत लावलेला, त्यावर आठ पूर्वजांची नावं. व्याह्यांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "तुमच्या सुलतानचा कागद कुठाय?" ह्यांनी चुना न लावलेलंच पान तोंडात कोंबलं. "येळवशीच्या सणाला येतोच जेवायला," व्याही म्हणाले, "तवा दाखवा."

परत आल्यावर श्रीपतराव अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. मी गेटबाहेर कान लावून.

"कागद काढतोच," ते बायकोला म्हणाले. "आन् चौकशीत गावठी निघालं तर पोत्यात घालून उमरग्याच्या पुढं हायवेला सोडून येतो. लोकं हसतील असलं जनावर माझ्या दारात नको."

हायवेला सोडलेल्या कुत्र्यांचं काय होतं ते मला माहीत आहे. तुम्हालाही आहे, तुम्ही गाडीत बसून बघता. त्या रात्रीपासून मला तोंडातला घास गोड लागेना.

मग सुरू झाले फोन. कुत्री पैदा करून विकणाऱ्या माणसांचे नंबर श्रीपतरावांनी कुठून कुठून मिळवले. पहिला बागलकोटकडचा. व्हिडिओवर बघून म्हणाला, "मुधोळच आहे अप्पा, पण आईचा कागद असल्याशिवाय मी काय लिहून देणार?" दुसरा लातूरकडचा. तो पहिल्याचं नाव निघताच भडकला. "मुधोळ? त्याला काय कळतंय! हे कारवानी हाय, आमच्याकडचं. तिकडं नेऊन त्यांनी नाव बदललंय." पहिल्याला पुन्हा फोन, तो दुसऱ्यावर भडकला. एका कुत्र्याच्या तंगड्यांवरून दोन राज्यांचं भांडण लागलं, आणि ज्याच्या तंगड्या तो आपला उन्हात पालथा पडून माशा खात होता.

तिसऱ्यानं मापं मागितली. सत्यभामाबाईंच्या शिवणाची टेप घेऊन श्रीपतराव गुडघ्यावर बसले, खांदा आणि कान ह्यांच्यामध्ये फोन धरलेला.

"छाती घ्या. आता कंबर. शेपूट किती? दात मोजा."

सुलताननं टेपच चावली, बोटासकट.

सत्यभामाबाई ज्वारी निवडत होत्या. म्हणाल्या, "अंजूला बघायला आले तवाबी एवढी मापं काढली न्हाईत."

"तू गप बस गं. रक्ताची गोष्ट हाय ही."

"व्हय, टेपेला रक्तच लागलंय तुमच्या बोटाचं."

तिसऱ्याचा निकाल असा आला : सगळं बरोबर, पण उजवा कान दुमडतोय, आईकडून काहीतरी खोट असणार. आईचा फोटो पाठवा. श्रीपतरावांनी प्रेमानंदाला धरलं, तर बेगम मागच्याच महिन्यात वारली म्हणाला. मी तेव्हा त्याच्याच पायाशी बसले होते. त्यानं मला बिस्किटाचा तुकडा टाकला.

येळवशीला चारच दिवस उरले आणि गावात हेळवी आला. हेळवी म्हणजे घराण्यांची नावं चोपडीत लिहून ठेवणारी माणसं. दर दोन-तीन वर्षांनी बैल घेऊन येतात, यजमानाच्या पूर्वजांची नावं सुरात म्हणतात, नवीन जन्मलेल्यांची लिहून घेतात, धान्य-कापड घेऊन पुढच्या गावाला जातात. ह्याचं नाव भीमण्णा. म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, कन्नड हेलात मराठी बोलणारा.

श्रीपतरावांनी त्याला आत घेतलं. मी भिंतीशी.

"भीमण्णा, चोपडीत आमच्या सुलतानचे चार पूर्वज लिही. नवाबाकडचे. पोतंभर तूर देतो. येळवशीला रानात ये, व्याह्यांसमोर वाच. आन् आमचंबी वाच. दर खेपंला तीन नावं झाली की मीच पुरे म्हणतो, पण ह्या खेपंला शेवटपर्यंत वाच. ऐकू दे त्यांना."

"शेवटपर्यंत?" भीमण्णानं विचारलं.

"अगदी मुळापर्यंत."

"बरं, सावकार," एवढंच भीमण्णा म्हणाला.

येळवशी म्हणजे मार्गशीर्षातली अवस. त्या दिवशी आमच्याकडचं सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालायची, पाच पांडव मांडून पुजायचे, आणि भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील पोट फुटेपर्यंत खायचं. मीही गेले, बांधावर लांब बसले. एरवी त्या दिवशी मला खरकट्याची चिंता नसते. ह्या खेपेला मला त्या कोपेजवळ पडलेलं रिकामं पोतं तेवढं दिसत होतं. बाकी काही खावंसं वाटेना. सुलतान ट्रॅक्टरच्या चाकाला बांधलेला, गळ्यात नवा चकचकीत पट्टा.

व्याही आले, अंजू आली. पंगत बसली. भीमण्णानं बैल बांधला, चोपडी सोडली.

"आधी कुत्र्याचं वाच," श्रीपतराव म्हणाले.

"आधी यजमानाचं, सावकार. रीत हाय ती." आणि त्यानं सूर लावला. श्रीपतराव. त्यांचे वडील माणिकराव. त्यांचे वडील तुकोजी. प्रत्येक नावाला श्रीपतराव व्याह्यांकडं बघत मान डोलवत होते. तुकोजींचे वडील रामजी.

इथं भीमण्णा थांबला.

"रामजींच्या पुढं?" व्याह्यांनी आंबिलीची वाटी तोंडाला लावत विचारलं.

"पुढं न्हाई. रामजी दुष्काळात धनगरांच्या कळपामागनं चालत आलेलं लेकरू. आई-बाप ठाऊक न्हाईत. कूळ ठाऊक न्हाई. ह्या घरच्या सगुणाबाईनं पदरात घेतलं, नाव लावलं, शेत दिलं." त्यानं पानावर बोट ठेवलं. "साऱ्या चोपडीत बाईचं नाव हे एकच हाय. दुसरं कुणाचं लिहायला नव्हतं म्हणून लिहिलंय."

श्रीपतरावांनी हातातला उंडा ताटात ठेवला. "ते पान... जुनं असंल."

"पान जुनंच असतंय, सावकार."

मग सत्यभामाबाईंनी भज्जीचं पातेलं खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "मग आता ह्यास्नी कुठं सोडायचं? उमरग्याच्या पुढं, का अलीकडं?"

अंजूनं तोंडात पदर कोंबला. व्याह्यांची आंबील नाकात गेली. ते हसत, खोकत म्हणाले, "आता त्या सुलतानचं वाचा बाबा!"

"कुत्र्याची चोपडी आम्ही ठेवत न्हाई, अप्पा," भीमण्णानं चोपडी बांधली. "खोटं तर मुळीच न्हाई. तुमची तूर ऱ्हाऊ द्या."

हा दुसरा वगळायचा माणूस.

"सुलतानचं मी सांगते," सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि हातातली पळी बांधाकडं केली. "ती बघा त्याची आई. बसलीय. उन्हाळाभर मोरीतनं जाऊन तिचं दूध पिऊन यायचं. पटत नसंल तर दोघांचा कान बघा."

सगळी माणसं माझ्या कानाकडं बघायला लागली. जन्मभर मी लोकांना बघत आले. एवढ्या माणसांनी एकदम मला बघितल्यावर तोंड कुठं लपवावं ते कळेना. सुलतान मात्र चाकाला हिसके देत माझ्याकडं बघून कुईकुई करायला लागला.

"तुला ठाऊक होतं?" श्रीपतरावांनी बायकोला विचारलं.

"व्हय."

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

"सांगितलं असतं तर पोतं शोधलं असतं तुम्ही." त्यांनी ते रिकामं पोतं उचललं, नीट घडी केली आणि त्यावर भज्जीचं पातेलं ठेवलं. "कूळ नसलेला एक ह्या घरात खपला, तर दुसराबी खपतो. आता जेवा."

आणि श्रीपतराव जेवले. आमच्या जातीत एवढी फजिती झाली असती तर चार दिवस कुणी अन्नाला तोंड लावलं नसतं. माणसं दुसऱ्या घासाला सगळं विसरतात.

ह्याला आता वर्ष होत आलं. श्रीपतराव सुधारले असं समजू नका. कुणी विचारलं तर ते छाती काढून सांगतात, "बाप असली कारवानी. आई गावातलीच, पण खानदानी." म्हणजे माझंही घराणं काढलंच त्यांनी! मला बघितलं की हात अजून धोंड्याकडं जातो, पण आधी बायको कुठं आहे ते बघून घेतात. व्याह्यांचा कागद अजून काचेतच आहे. पण आपलं घराणं वाचायला भीमण्णाला मात्र व्याह्यांनी ह्या साली उमरग्याला बोलावलं नाही, असं अंजू आईला हसत हसत सांगत होती.

प्रेमानंद अजून बाजार करतो. परवा त्याच्या पाटीत मांजराचं पिल्लू होतं. इराणचं म्हणून सांगत होता.

माझे दात आता गेलेत. व्हरांड्यापर्यंत जाणं होत नाही. मी गेटच्या बाहेर बसते, सुलतान आत बसतो, मधे लोखंड. संध्याकाळी सत्यभामाबाई दोन भाकरी आणतात, एक आत टाकतात आणि एक दुधात भिजवून बाहेर ठेवतात. गजांतून नाक काढून तो माझा दुमडका कान चाटतो. त्याला अजूनही कुणी माझ्याविषयी काही सांगितलेलं नाही, आणि त्याला त्याची गरजही पडलेली नाही.

तुमच्याकडून मला काही नको, तुम्ही देणार नाही हे मला माहीत आहे. एकच ऐका. घरात कुत्रं आणाल तेव्हा त्याच्या आई-बापासाठी लांब लांब फोन लावण्याआधी एकदा गेट उघडा, आणि बाहेर कोण येऊन बसलंय ते बघा. हातात धोंडा न घेता.